फोर्ड मॉडेल टी आणि विलीज जीप : तुलना

फोर्ड मॉडेल टी आणि विलीज जीप ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, दोन वेगवेगळ्या कालखंडांत घडलेली अमेरिकी वाहने होत. मॉडेल टी १९०८ साली डेट्रॉइट येथे सामान्य नागरिकासाठी तयार झाली, तर जीप १९४१ साली अमेरिकी सैन्यासाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागली. दोहोंच्या जन्मात ३३ वर्षांचे अंतर आहे; तरीही खराब रस्ता, अल्पशिक्षित चालक आणि दूरवरचे दुरुस्ती केंद्र या तीन अडचणी गृहीत धरून दोन्ही वाहनांची रचना करण्यात आली होती. त्यामुळे या दोन वाहनांची तुलना वाहन-अभियांत्रिकीच्या इतिहासात उपयुक्त ठरते.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या दोन वाहनांचे भवितव्य मात्र सर्वस्वी भिन्न ठरले. मॉडेल टी आयात माल म्हणून आली आणि संग्राहकांच्या दालनांत उरली. जीप सुट्या भागांच्या पेट्यांतून मुंबईला आली, माझगाव येथे जोडली गेली, हळूहळू येथेच घडू लागली आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या दैनंदिन जीवनाचा भाग झाली. या फरकाचे कारण यंत्रापेक्षा ते देशात कोणत्या मार्गाने आले यात अधिक आहे.

## तुलनेचा आधार

मॉडेल टी ही नागरी प्रवासी मोटार आहे आणि जीप हे मूलतः लष्करी वाहन आहे. त्यामुळे वेग किंवा ऐषआराम या निकषांवर त्यांची तुलना करणे योग्य होत नाही. रचनेतील साधेपणा, दुरुस्तीची सोय, वाईट वाटेवरील क्षमता, उत्पादनपद्धती आणि वाहतुकीपलीकडील उपयोग हे निकष मात्र दोहोंना समान रीतीने लागू पडतात. प्रस्तुत लेखात याच निकषांचा विचार केला आहे. जीपच्या बाबतीत लष्करी विलीज एमबी हे मूळ रूप धरले असून तिच्या नागरी आवृत्त्यांचा उल्लेख आवश्यक तेथे केला आहे.

## फोर्ड मॉडेल टी

### निर्मिती

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही श्रीमंतांची हौस होती. हेन्री फोर्ड यांनी शेतकऱ्याला आणि कारागिराला परवडेल अशी एकच मोटार मोठ्या संख्येने बनवण्याचे ठरवले. डेट्रॉइटमधील पिकेट अव्हेन्यू कारखान्यात तयार झालेली मॉडेल टी १ ऑक्टोबर १९०८ रोजी विक्रीस आली. त्या वेळी पाच आसनी गाडीची किंमत ८५० डॉलर होती.

१९१० साली हायलंड पार्क येथे नवा कारखाना सुरू झाला. तेथे १९१३ साली सरकत्या जुळणी-पट्ट्याची पद्धत चेसिसच्या जुळणीला लागू करण्यात आली. त्यापूर्वी कामगार एका जागी उभ्या असलेल्या सांगाड्याभोवती फिरत काम करीत. आता सांगाडा कामगारासमोरून पुढे सरकू लागला आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच ठरावीक काम आले. एका चेसिसच्या जुळणीस लागणारा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. कामाचा कंटाळवाणेपणा वाढल्याने कामगार नोकरी सोडून जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या कामासाठी दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली. हा दर तत्कालीन प्रचलित मजुरीच्या सुमारे दुप्पट होता.

उत्पादन वाढले तशी किंमत घसरत गेली. १९२०च्या दशकाच्या मध्यास दोन आसनी मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली. २६ मे १९२७ रोजी उत्पादनाची सांगता झाली, तोवर दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. १९१४ ते १९२५ या काळात गाडी केवळ काळ्या रंगात मिळत असे.

### रचना

मॉडेल टीचे इंजिन चार सिलिंडरांचे, २.९ लिटर क्षमतेचे व २० अश्वशक्तीचे होते. चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात आणि त्यांवरील झाकण सुटे, ही रचना त्या काळी नवीन होती. झाकण काढले की झडपा आणि दट्टे यांपर्यंत सहज पोहोचता येई. पाणी खेळवण्यासाठी पंप नव्हता. तापलेले पाणी वर जाते आणि थंड पाणी खाली येते या नैसर्गिक नियमावर इंजिन थंड राखले जाई. जो भाग बसवलेलाच नाही तो बिघडतही नाही, या विचारावर या गाडीची अनेक अंगे आधारलेली होती.

सांगाड्याच्या व आसांच्या भागांत व्हॅनेडियमयुक्त पोलादाचा वापर केल्याने वजन कमी राहूनही मजबुती आली. पुढे आणि मागे प्रत्येकी एकच आडवा कमानी पाटा होता. त्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर असले तरी सांगाड्यावर फारसा पीळ येत नसे. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या वाटांवर याचा मोठा उपयोग होई.

मॉडेल टी चालवण्याची रीत आजच्या चालकाला चमत्कारिक वाटेल. पायाशी तीन पेडल असत, पण त्यांत अ‍ॅक्सिलरेटर नव्हता. डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी हळू गिअरमध्ये चाले, अर्धे दाबले की गिअर सुटे आणि पूर्ण सोडले की जलद गिअर लागे. मधले पेडल मागे जाण्यासाठी आणि उजवे ब्रेकसाठी असे. इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ सुकाणूखालील दोन दांड्यांनी हाताने ठरवावी लागे. पुढे जाण्यासाठी दोनच गिअर होते. ग्रहचक्र पद्धतीच्या या गिअरपेटीत दातेरी चाके सतत एकमेकांत गुंतलेली राहत असल्याने नवशिक्या चालकाकडून दाते झिजण्याची भीती नव्हती.

गाडी सुरू करण्यासाठी समोरून हँडल मारावे लागे. ठिणगीची वेळ चुकली तर इंजिन उलटा झटका देई आणि चालकाचे मनगट किंवा अंगठा मोडे. विजेवर चालणारा स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला. सुरुवातीच्या रचनेत इंधनाची टाकी आसनाखाली होती आणि पेट्रोल केवळ उताराने इंजिनात येई. टाकीत इंधन कमी असताना तीव्र चढ आला की इंजिन टाकीपेक्षा उंच जाई आणि पुरवठा थांबे. अशा वेळी गाडी वळवून उलटी, म्हणजे मागे जाण्याच्या गिअरमध्ये, चढावर न्यावी लागे.

## विलीज जीप

### निर्मिती

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या वेगवान हालचाली पाहून अमेरिकी सैन्याला घोडे आणि मोटारसायकली यांच्या जागी चारही चाकांना गती देणारे हलके टेहळणी वाहन हवे होते. १९४० च्या उन्हाळ्यात १३५ उत्पादकांकडे मागणी पाठवण्यात आली. मुदत अत्यंत कमी होती. अमेरिकन बँटम आणि विलीज-ओव्हरलँड या दोनच कंपन्यांनी प्रतिसाद दिला. बँटमने ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर पोहोचवला.

बँटमची उत्पादनक्षमता लहान असल्याने सैन्याने तिची रचना विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनाही उपलब्ध करून दिली. १९४१ साली मोठे कंत्राट विलीज-ओव्हरलँडला मिळाले. मागणी वाढल्यावर त्याच नमुन्याबरहुकूम फोर्डनेही जीप बनवल्या. दोन्ही कंपन्यांच्या जीपचे भाग परस्परांना बसावेत, अशी अट होती. युद्धसमाप्तीपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. मूळ नमुना घडवणाऱ्या बँटमच्या वाट्याला मात्र मोठी कंत्राटे आली नाहीत. तिला प्रामुख्याने जीपमागे जोडण्याच्या ट्रेलरांवर समाधान मानावे लागले.

मॉडेल टीशी जीपचा थेट संबंध येथे जुळतो. ज्या कंपनीने जुळणी-पट्ट्यावर मॉडेल टी घडवली, तिनेच त्या पद्धतीने जीप घडवल्या. जीपची ओळख बनलेली, पत्र्यात उभ्या फटी पाडलेली पुढील जाळीदेखील मूळची फोर्डची आहे. ती पोलादी पट्ट्या जोडून केलेल्या जाळीपेक्षा स्वस्त व हलकी असल्याने विलीजनेही स्वीकारली.

‘जीप’ या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. फोर्डच्या नमुन्यावरील ‘जीपी’ या अक्षरांचा तो उच्चार असावा असे एक मत आहे, तर ‘पॉपाय’ या चित्रमालिकेतील युजीन द जीप या प्राण्यावरून ते आले असे दुसरे मत आहे.

### रचना

विलीजचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी सुधारलेले चार सिलिंडरांचे, २.२ लिटरचे इंजिन हे या वाहनाचे बलस्थान होते. त्याची ताकद ६० अश्वशक्ती होती. मॉडेल टीपेक्षा आकाराने लहान असलेले हे इंजिन तिच्या तिप्पट शक्ती देई. तीन दशकांत इंधन, धातुशास्त्र आणि वंगण यांत झालेली प्रगती या एका तुलनेतून लक्षात येते.

जीपमध्ये तीन गिअरांच्या पेटीला जोडून आणखी एक दुय्यम पेटी होती. तिच्या साहाय्याने इंजिनाची गती पुढच्या आसाकडेही वळवता येई आणि सर्व गिअर आणखी हळू, पण सुमारे दुप्पट ओढीचे करता येत. एका आसावरची चाके चिखलात घसरू लागली तरी दुसऱ्या आसावरची चाके गाडीला ओढून काढत. सपाट पत्र्याची, दारे नसलेली बॉडी, खाली पाडता येणारी समोरची काच आणि कापडी छत यांमुळे वजन सुमारे १,१०० किलोपर्यंत राखता आले. चार-पाच सैनिक मिळून ती खड्ड्यातून उचलून बाहेर काढू शकत.

तिच्या उणिवाही याच रचनेतून आल्या. आखूड लांबी, जाड आस आणि ताठ पाटे यांमुळे प्रवास धक्क्यांचा होई. वेगात वळण घेताना गाडी उलटण्याचा धोका असे. ऊन-पावसापासून संरक्षण नाममात्र होते.

१९४५ साली विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली. तिला मागे उघडणारे फळके, बाजूला अडकवलेले जादा चाक आणि मोठे दिवे होते. १९५३ साली सीजे-३बी ही आवृत्ती आली. तिच्या नव्या इंजिनाची उंची अधिक असल्याने बॉनेट उंच करावे लागले. हेच उंच बॉनेटाचे रूप पुढे भारतात सर्वाधिक परिचित झाले.

## तुलनात्मक तक्ता

| बाब | फोर्ड मॉडेल टी | विलीज जीप (एमबी) |
|---|---|---|
| उत्पादनकाळ | १९०८–१९२७ | १९४१–१९४५ |
| मूळ हेतू | नागरी, कौटुंबिक प्रवास | लष्करी टेहळणी व वाहतूक |
| इंजिन | ४ सिलिंडर, २.९ लिटर | ४ सिलिंडर, २.२ लिटर |
| अश्वशक्ती | सुमारे २० | सुमारे ६० |
| पुढचे गिअर | २ | ३ (दुय्यम पेटीमुळे ६) |
| गती मिळणारी चाके | मागची दोन | मागची दोन किंवा चारही |
| दोन आसांमधील अंतर | सुमारे २,५४० मिमी | सुमारे २,०३२ मिमी |
| वजन | सुमारे ५४०–७५० किलो | सुमारे १,१०० किलो |
| कमाल वेग | ताशी सुमारे ६५–७० किमी | ताशी सुमारे १०५ किमी |
| एकूण उत्पादन | दीड कोटींहून अधिक | फोर्डनिर्मित जीपसह सहा लाखांहून अधिक |

## साम्ये आणि भेद

साधेपणा. दोन्ही वाहनांत अनावश्यक भागांना स्थान नाही. मोजक्या पान्यांनी, झाडाखाली बसून बहुतेक दुरुस्त्या करता येत. भागांचे मोजमाप काटेकोर असल्याने एका गाडीचा भाग दुसरीला घासकाम न करता बसे. हस्तकौशल्याने एकेक गाडी घडवणाऱ्या काळात ही मोठी क्रांती होती.

वाईट वाटेवरील क्षमता. मॉडेल टीने ही समस्या हलके वजन, उंच चाके आणि लवचीक सांगाडा यांनी सोडवली. जीपने चारही चाकांना गती देऊन सोडवली. १९११ साली ब्रिटनमधील बेन नेव्हिस या सर्वोच्च शिखरावर मॉडेल टी नेण्यात आली होती. मात्र खोल चिखलात मागची दोन चाके घसरू लागली की मॉडेल टी असहाय होई. जीपची खरी कसोटी तेथूनच सुरू होई.

युद्धातील उपयोग. मॉडेल टी नागरी गाडी असली तरी पहिल्या महायुद्धात तिचा रुग्णवाहिका म्हणून तसेच मेसोपोटेमिया व पॅलेस्टाईनच्या आघाड्यांवर हलके गस्तवाहन म्हणून वापर झाला. तिचा प्रवास नागरी जीवनातून युद्धाकडे झाला, तर जीपचा युद्धातून नागरी जीवनाकडे.

शेतीतील उपयोग. अमेरिकी शेतकऱ्यांनी मॉडेल टीचे मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि करवत, गिरणी व पंप चालवले. नागरी जीपमध्ये ही सोय कारखान्यातूनच मिळू लागली. इंजिनाची गती बाहेर काढणारा दंड बसवून तिच्यावर शेतीची अवजारे चालवता येत. घर, शेत आणि रस्ता यांसाठी एकच यंत्र ही कल्पना दोन्ही वाहनांत समान आहे.

चालवण्याची रीत. जीपची पेडले व गिअर आजच्या वाहनांप्रमाणेच असल्याने ट्रक किंवा मोटार चालवणारा कोणीही ती चालवू शके. मॉडेल टीसाठी स्वतंत्र सवय लागत असे, आणि एकदा ती लागली की इतर गाड्या अवघड वाटत. उत्पादन थांबल्यावर हे कौशल्यही लवकर लोपले.

## भारतातील आगमन

### मॉडेल टी : आयातीचा मार्ग

ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक प्रदेशांत फोर्ड गाड्या विकण्याचे हक्क १९०४ साली स्थापन झालेल्या फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते. त्यामुळे भारतात आलेल्या मॉडेल टी प्रामुख्याने कॅनडातील बनावटीच्या आणि उजवीकडे सुकाणू असलेल्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात भारतात आयात होणाऱ्या मोटारींत अमेरिकी व कॅनडातील गाड्यांचा वाटा मोठा होता. ब्रिटिश गाड्यांच्या तुलनेत त्या स्वस्त होत्या आणि खडबडीत रस्त्यांना अधिक योग्य होत्या.

अमेरिकेत जी गाडी कारखान्यातील कामगाराला परवडत होती, ती भारतात मात्र संस्थानिक, जमीनदार, डॉक्टर, वकील, अधिकारी आणि व्यापारी यांच्यापुरतीच राहिली. पाच डॉलर रोजाची मजुरी ही मॉडेल टीच्या यशाची दुसरी बाजू होती. अशी मजुरी आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन यांच्या अभावी ‘जनसामान्यांची मोटार’ हे तिचे बिरुद येथे लागू पडू शकले नाही.

फोर्डने १९२६ साली भारतात कंपनी स्थापन केली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. मॉडेल टीचे उत्पादन १९२७ मध्येच थांबल्याने मुंबईतील फोर्डचा पुढील कारभार प्रामुख्याने नंतरच्या मॉडेलांचा ठरला. या कारखान्यांत परदेशातून आलेले भाग जोडले जात. मूळ निर्मितीचे ज्ञान व यंत्रसामग्री परदेशातच राहिली.

### जीप : जुळणीकडून निर्मितीकडे

जगदीशचंद्र महिंद्रा, कैलाशचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. युद्धकाळात कैलाशचंद्र महिंद्रा अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे काम पाहत होते. जीपच्या क्षमतेचा परिचय त्यांना तेथेच झाला.

१९४७ साली सुट्या भागांच्या रूपात ७५ जीपची पहिली खेप मुंबईत आली. १९४९ साली माझगाव येथील जागेत जीपची जुळणी सुरू झाली. आरंभी हाही केवळ जुळणीचाच उद्योग होता. १९५४ पासून मात्र विलीजच्या सहकार्याने टप्प्याटप्प्याने भाग भारतात बनवण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. कारखान्याचा विस्तार पुढे कांदिवली आणि नाशिक येथे झाला.

### १९५३ चा निर्णय

मोटार उद्योग भारतात उभा राहावा, ही मागणी स्वातंत्र्यापूर्वीची होती. १९३०च्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तशी योजना मांडली होती. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार करून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ पासून कुर्ला येथील कारखान्यातून डॉज व प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

१९५३ साली केंद्र सरकारच्या दर आयोगाने शिफारस केली, की ज्या कंपन्यांकडे भारतात भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही आणि ज्या केवळ जुळणी करतात, त्यांनी काम थांबवावे. मर्यादित बाजारपेठेत असा खर्च करण्यास जनरल मोटर्स आणि फोर्ड तयार नव्हत्या. त्यांनी भारतातील जुळणी बंद केली. त्यामुळे मुंबईतील फोर्डचा पहिला अध्याय संपला. जीप मात्र निर्मितीच्या मार्गावर गेल्याने टिकली.

या धोरणाचे परिणाम दुहेरी झाले. एका बाजूने सुटे भाग बनवणारे कारखाने आणि कुशल कामगार देशात तयार झाले. दुसऱ्या बाजूने स्पर्धा नाहीशी झाल्यामुळे जुनी मॉडेले दशकानुदशके फारसा बदल न होता विकली गेली आणि ग्राहकाला निवडीस वाव उरला नाही. सीजे-३बी ची भारतातील दीर्घ कारकीर्द या दोन्ही परिणामांचे उदाहरण आहे.

## ग्रामीण महाराष्ट्रातील जीप

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकासगटांच्या अधिकाऱ्यांना फिरतीसाठी जीप मिळू लागल्या. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यरत झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे गावकऱ्यांच्या दृष्टीने शासनाचेच दृश्य रूप झाले. महसूल, पोलीस, वन, पाटबंधारे आणि आरोग्य या खात्यांनीही तिचा वापर केला. निवडणूक प्रचारातही ध्वनिक्षेपक बांधलेली जीप दीर्घकाळ दिसत राहिली.

मराठवाड्यासारख्या प्रदेशात तिची उपयुक्तता विशेष होती. येथील काळी कापसाची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट गाळ होते. पक्की सडक नसलेल्या गावी पावसाळ्यात बैलगाडीखेरीज वाहन जात नसे. चारही चाकांना गती देणारी जीप हे अशा वाटांवर पोहोचणाऱ्या मोजक्या मोटारवाहनांपैकी एक होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची व मदतीची कामे खेडोपाडी पसरली, तेव्हा देखरेखीसाठी याच वाहनावर भिस्त होती.

पुढे पेट्रोल इंजिनाऐवजी डिझेल इंजिन बसवलेल्या, लांब चेसिसच्या जीप आल्या. खर्च कमी झाल्याने त्या खाजगी प्रवासी वाहतुकीत शिरल्या. पश्चिम महाराष्ट्रात अशा वाहतुकीला ‘वडाप’ म्हणतात, तर मराठवाडा व विदर्भात रंगावरून ‘काळी-पिवळी’ हे नाव रूढ आहे. एसटीची फेरी दिवसातून एक-दोनदाच होणाऱ्या गावांतील विद्यार्थी, रुग्ण, बाजारकरी आणि मजूर यांना तिने तालुक्याशी जोडले. त्याचबरोबर क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक प्रवासी, मागे लटकलेली माणसे, त्यातून होणारे अपघात, परवान्यांचे उल्लंघन आणि एसटीच्या उत्पन्नावरील परिणाम हे प्रश्नही निर्माण झाले. आखूड व उंच बांधणीचे, मुळात मोजक्या सैनिकांसाठी आखलेले वाहन भरगच्च प्रवासी वाहतुकीसाठी वापरणे धोक्याचे असते, हे यातून स्पष्ट झाले.

मराठी भाषेनेही हे वाहन स्वीकारले. ‘जीप’ हा शब्द नोंदणीकृत व्यापारचिन्ह असला, तरी बोलण्यात तो त्या घडणीच्या कोणत्याही गाडीसाठी वापरला जातो. ग्रामीण बोलीत त्याचे ‘जीपडं’ असे रूपही आढळते. मॉडेल टीला अमेरिकेत ‘टिन लिझी’ हे लाडके नाव मिळाले होते. घरगुती नाव मिळणे हे वाहन रोजच्या जीवनात शिरल्याचे लक्षण मानता येते.

भारतीय सेनेतही जीपचे स्थान महत्त्वाचे राहिले. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण विभागातील लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रणगाडाविरोधी तोफेने शत्रूचे रणगाडे निकामी केले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

## वारसा

मॉडेल टीचा वारसा प्रामुख्याने उत्पादनपद्धतीत आहे. सरकता जुळणी-पट्टा, अदलाबदल करता येणारे भाग आणि कामाची सूक्ष्म विभागणी या तत्त्वांवर आजचे वाहन कारखाने चालतात. महाराष्ट्रातील चाकण, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर परिसरातील कारखानेही त्याला अपवाद नाहीत. प्रत्यक्ष गाडी मात्र भारतात संग्रहांत आणि जुन्या मोटारींच्या संचलनांतच पाहावयास मिळते.

जीपचा वारसा तिच्या रूपातच टिकून आहे. २०१० साली महिंद्राने आणलेल्या आणि नाशिक येथे तयार झालेल्या ‘थार’ या गाडीत सीजे जीपची ठेवण स्पष्ट दिसते. २०२० साली तिची दुसरी पिढी आली. या साम्यावरून अमेरिकेत कायदेशीर वादही झाला. महिंद्राच्या ‘रॉक्सर’ या वाहनाचे रूप जीपच्या संरक्षित रूपाशी मिळतेजुळते असल्याचा निर्णय २०२० साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने दिला आणि त्यानंतर रॉक्सरचे रूप बदलण्यात आले. जो परवाना घेऊन भारतीय कंपनी वाहननिर्मिती शिकली, त्याच परवान्याच्या व्याप्तीचा प्रश्न सात दशकांनंतर न्यायप्रविष्ट झाला.

दोन्ही अमेरिकी नावे पुढे महाराष्ट्रात परत आली. १९९०च्या दशकात फोर्डने महिंद्राशी भागीदारी केली आणि तिची एस्कॉर्ट ही गाडी आरंभी नाशिक येथे तयार झाली. म्हणजे ज्या कंपनीने जीप येथे रुजवली, तिचाच हात धरून फोर्ड परतली. २०२१ साली फोर्डने भारतातील वाहननिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. जीप हे नाव धारण करणारी कंपास ही गाडी २०१७ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होऊ लागली.

## मूल्यमापन

शुद्ध अभियांत्रिकीच्या दृष्टीने मॉडेल टीचे स्थान अधिक मूलगामी आहे, कारण तिने केवळ वाहन नव्हे तर वाहन बनवण्याची रीतच बदलली. जीपने त्या रीतीचा लाभ घेऊन एक विशिष्ट अडचण, म्हणजे रस्ताच नसलेल्या ठिकाणी पोहोचणे, अधिक चांगल्या प्रकारे सोडवली. जागतिक इतिहासात मॉडेल टीचा प्रभाव मोठा ठरतो. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मात्र जीपचा.

या विरोधाभासाचा उलगडा दोन्ही वाहनांच्या भारतातील मार्गात होतो. विकत घेतलेले यंत्र त्याच्या आयुष्यापुरतेच टिकते. त्याचे भाग ज्या ठिकाणी बनतात आणि त्याची दुरुस्ती ज्या ठिकाणी शिकली जाते, तेथे ते यंत्र पिढ्यान्‌पिढ्या राहते. मॉडेल टी बनवण्याचे ज्ञान डेट्रॉइट आणि कॅनडा येथेच राहिले. जीपचे ज्ञान माझगावहून कांदिवली-नाशिकला आणि तेथून तालुक्याच्या गावातील मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत पोहोचले.